स्थिर हाताचे दिवस

१

कॅप्सूल बोटांतून निसटली, टेबलावरून गडगडत गेली आणि मी तिच्यामागे उठले तोच माझ्याच चपलेखाली आली. वाकून उचलली. टोपी एकीकडे, बूड एकीकडे आणि मध्ये काहीच नाही. आत पांढरी पूड असायला हवी होती. फरशीवर बोट फिरवून पाहिलं, बोटाला कणसुद्धा लागला नाही.

माझे हातपाय गार पडले.

ही कॅप्सूल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर बाई एवढ्याशा गोष्टीला घाबरली असं वाटायचं. माझ्या पोटात माझी नसलेली एक किडनी आहे. ती माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा तिने आपली एक काढून दिली, आणि देताना ‘लहानपणापासून तुला माझ्याच वस्तू हव्या असतात’ एवढंच म्हणाली. पण शरीराला असलं प्रेम कळत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सतत पहाऱ्यावर असतात. त्यांना ताईची किडनी परकी दिसते, आणि परकं काही दिसलं की त्या हाक देऊन बाकीच्यांना गोळा करतात. ही कॅप्सूल ती हाक पुढे जाऊ देत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. औषध कमी पडलं की सगळा पहारा किडनीवर तुटून पडतो.

आणि तो तुटून पडलाच होता. मी नुकतीच हॉस्पिटलातून घरी आले होते. सुई घालून किडनीचा कण काढला, तपासला, रिजेक्शन सुरू झालेलं निघालं. स्टेरॉइडची जबर इंजेक्शनं शिरेतून दिली तेव्हा कुठे ते थोपलं. कशामुळे झालं ते मात्र कुणालाच सांगता येईना. घरी आल्यावर डॉक्टरबाईंनी मला एकटीलाच फोन केला. “दाखल झालीस त्या दिवशीच्या रक्तात औषध फारच कमी निघालंय. खरं सांग, चुकवतेस ना?” मी गळ्याची शपथ घेऊन नाही म्हटलं. त्यांना ते पटलं असं काही मला वाटलं नाही.

आता फरशीवर उकिडवं बसून मी गोळ्यांची डबी उघडली. आठवड्याची डबी, प्रत्येक वाराला दोन कप्पे. एकेक कॅप्सूल हलकेच ओढून उघडली, पाहिली आणि पुन्हा मिटवली. सकाळच्या भरलेल्या होत्या. संध्याकाळच्या सगळ्या रिकाम्या.

ती डबी आमच्या स्वयंपाकघरातून कधी बाहेर गेली नव्हती. बाहेरच्या खोलीत माझा नवरा फोनवर हसत होता आणि आतल्या खोलीत ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मला दोघांपैकी कुणालाही हाक मारवेना.

२

दुसऱ्या दिवशी तपासणीचं निमित्त काढून मी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरबाईंना चिरडलेली कॅप्सूल दाखवली तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. माझ्यावर उगाच संशय घेतला, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच पोलिसांत कळवते म्हणाल्या. मी त्यांच्या हातापाया पडून थोडे दिवस मागून घेतले. घरातल्या घरात पोलीस आणायचे म्हणजे उरलेलं आयुष्य कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यांनी एका अटीवर ऐकलं. हॉस्पिटलच्या दुकानातून बंद पाकीट घ्यायचं, ते पर्समध्ये ठेवायचं आणि औषध फक्त त्यातलंच. डबीतलं खाल्ल्याचं नाटक करायचं.

मग मी फौजदारकाकांच्या शेजारी जाऊन बसले.

रक्त द्यायच्या रांगेत आमची ओळख झाली होती. निवृत्त पोलीस अधिकारी, पोटात दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर. स्टेरॉइडने चेहरा गोल गरगरीत झालेला, तोंडावर मास्क, आणि डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, कारण या औषधांवर असणाऱ्याला उन्हाने कातडीचा कॅन्सर लवकर होतो. औषधानेच साखर वाढलेली, म्हणून चहा बिनसाखरेचा, आणि तोही घोट घेण्याआधी बशीत सांडणारा, कारण हात थरथरतात. माणूस मात्र खट्याळ. “आपण सगळे जामिनावर सुटलेलो,” असं ते रांगेत सगळ्यांना सांगत. “रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी. चुकली की आत.”

त्या दिवशी ते हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “डबी कोण भरतं?”

“ताई. पण ती ओट्यावर उघडीच असते. माझा नवराही येता-जाता कप्पे तपासतो. आणि औषधं आणून देतात ते माझे धाकटे दीर, त्यांचं मेडिकल आहे.”

“म्हणजे चौघं.”

“तिघं, काका.”

“चौघं. पोरी, माझ्या लिव्हरच्या सोबत्यांमधले दोघं गेले ते स्वतःच औषध टाकून देऊन गेले. कंटाळा येतो माणसाला. चेहरा सुजतो, केस गळतात, हात थरथरतात, सगळं नको होतं.” त्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे रोखून पाहिलं. “तूच रिकाम्या करत नाहीस कशावरून?”

मला रडू फुटलं. माझं रडून झाल्यावर काका म्हणाले, “ठीक आहे. स्वतः करणारी बाई चिरडलेली कॅप्सूल रुमालात बांधून माझ्यापर्यंत आली नसती. चल, तुझ्या दिरापासून सुरुवात करू.”

३

भावजींच्या दुकानात गर्दी नव्हती. काउंटरच्या मागून ते नाक पुसत पुसतच बाहेर आले आणि मला पाहताच दोन पावलं मागे सरकले. “वहिनी, लांब थांबा. तुम्ही घरी आलात ना, त्या दिवसापासून नाक गळतंय माझं. जेवणाचा डबा द्यायला आलो तर ताईंनी दारातूनच पिटाळलं मला. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत!”

काकांनी मी हॉस्पिटलात कशी होते याची चौकशी काढत गप्पा सुरू केल्या आणि मग सरळ विचारलं, “हिच्या कॅप्सूल कुठून घेता?”

भावजींचा चेहरा पडला. “का? माझ्या मालात काही निघालं का?”

“दाखवा तरी.”

त्यांनी आतल्या थंड कपाटातून बंद खोकं आणलं. काकांनी बोटं थरथरत असतानाही शिस्तीत एकेक पाकीट फाडलं, कॅप्सूल काढल्या, कागदावर उघडल्या. सगळ्या गच्च भरलेल्या. मग त्यांनी खिशातून माझी रिकामी कॅप्सूल काढून शेजारी ठेवली. भावजी ती पाहतच राहिले. आधी लाल झाले, मग पांढरे.

“ही माझ्याकडून अशी जाऊच शकत नाही,” ते म्हणाले. “पाकिटात असताना कॅप्सूल कोण उघडणार? फॉइल फुटल्याशिवाय उघडताच येत नाही. वहिनी, हे पाकिटातून बाहेर काढल्यावर कुणीतरी केलंय.” आणि मग ज्या गोष्टीचा विचार मी रात्रंदिवस टाळत होते ती त्यांनी दुकानाच्या काउंटरवर मोठ्याने बोलून टाकली. “तुमच्या घरात केलंय.”

बाहेर आल्यावर काकांनी मला पायरीवर बसवलं. “दीर सुटला,” ते म्हणाले. “त्याला फसवायचं असतं तर सगळ्याच रिकाम्या आल्या असत्या. कप्प्याकप्प्याला निवडून कशा येतील? सकाळ-संध्याकाळ कळते ती फक्त डबीपाशी.”

राहिले दोघं. एकाशी माझं लग्न झालं होतं आणि दुसरीची किडनी माझ्या पोटात होती.

४

आमची कार्यशाळा घराच्या खालच्या मजल्यावर आहे. मी काचेवर कोरीव काम करते. चषक, थाळ्या, निरोप समारंभाला द्यायची मानचिन्हं. हिऱ्याच्या टोकाचं फिरतं यंत्र बोटांत धरायचं आणि अक्षर काढायचं. रेघ एकदा चुकली की चुकली, काच खोडता येत नाही. नवरा रेती मारून नक्षी उठवतो, घासतो, बांधतो, गिऱ्हाईक सांभाळतो. हाताचं काम माझं.

काका गिऱ्हाईक बनून आले. मी ओळख करून दिली, नवऱ्याने स्टूल पुसून पुढे केलं आणि चहा सांगायला वर गेला. तो जिन्यात असतानाच त्याचा फोन वाजला. दबक्या आवाजात तो म्हणाला, “आत्ता नको. ती इथेच आहे. तिला यातलं काहीही कळता कामा नये.”

काकांनीही ऐकलं होतं, पण ते भिंतीवरच्या फळीकडे पाहत होते.

त्या फळीवर मी माझे नमुने ठेवते. कुठलंही काम आलं की आधी एका टाकाऊ काचेवर कोरून बघायचं आणि तो तुकडा फळीवर ठेवून द्यायचा, एकापुढे एक. मला सवयच आहे ती. काका उठले आणि चष्मा सारखा करून फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले.

“ही सगळी अक्षरं तुझीच?”

“माझीच. का?”

“इथे थरथर आहे. मग हा तुकडा, प्रश्नमंजूषेचा चषक, काय सुरेख! मग पुन्हा थरथर, आणि आधीपेक्षा जास्त. मग ही निवृत्त होणाऱ्या कारकुनाची थाळी, पुन्हा सुरेख.” ते माझ्याकडे वळले. “काय करत होतीस या सुरेख दिवसांत?”

“काही नाही. हात बरे होते. मी इतकी खूश होते, काका! मला वाटलं, शरीराला औषध मानवायला लागलं. ताईला मी तो चषक नाचत नेऊन दाखवला होता.”

काकांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. तो नेहमीसारखा बारीक थरथरत होता. “हा कशाने थरथरतो?”

“औषधाने.”

“मग ज्या दिवशी थरथरत नाही, त्या दिवशी अंगात काय नसतं?”

मी फळीकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझं उभ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं ते. तो चषक कोरताना मी गुणगुणत होते, आणि तेव्हाच आत किडनीवर घाला पडायला सुरुवात झाली होती.

“आता सांग,” काका हळूच म्हणाले. “तुझे हात स्थिर राहावेत असं या घरात कुणाला वाटत असेल?”

जिन्यावरून नवऱ्याची पावलं खाली येत होती.

५

त्याने चहा ठेवला. काकांनी ताकास तूर लागू न देता थोडा वेळ चषकांच्या गप्पा केल्या आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, “मी पोलिसांत होतो. हिच्या औषधात कुणीतरी ढवळाढवळ करतंय. फोनवर कोण होतं?”

नवरा माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं. “तुला वाटलं, मी?”

“मला काहीही वाटत नाही,” मी म्हटलं. खरं तर वाटत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

“दुसऱ्या एका कोरणाऱ्याचा फोन होता,” तो म्हणाला. “मी मोठी कामं त्याच्याकडे वळवतोय. तुझ्यावर ताण नको म्हणून. तू ऐकलं असतंस तर घर डोक्यावर घेतलं असतंस, ‘माझं काम दुसऱ्याला?’ म्हणून.” तो काकांकडे वळला. “काय ढवळाढवळ? काय झालंय? मला कुणी सांगणार आहे का?”

मी सांगितलं.

काकांनी फळीवरचा एक तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यावरची अक्षरं सरड्यासारखी वाकडीतिकडी पळत होती. “ही कुठली?”

“क्रीडा स्पर्धेची,” तो म्हणाला. “आमची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. हातातून गेली. त्याच्या आधी तपासणीत औषध कमी दिसलं म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला होता, आणि हिला पेलासुद्धा धरवेना.”

“म्हणजे जेव्हा हिचे हात सगळ्यात जास्त हवे होते, तेव्हाच कॅप्सूल भरलेल्या होत्या. कामासाठी करणाऱ्याने नेमकं तेव्हा हात आवरला नसता.” काका माझ्याकडे पाहून म्हणाले, “नवरा सुटला.” मग दोघांना उद्देशून बोलू लागले. “मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. मारायचं असेल तर अर्ध्यावर का थांबायचं? सकाळचं औषध पूर्ण, संध्याकाळचं काढून घेतलेलं. मोजून अर्धं. यात दुष्टावा कमी आणि काळजी जास्त दिसते मला. आता आठवा. प्रश्नमंजूषेचा चषक चालला होता तेव्हा घरात काय होतं?”

“मीच तापाने पडलो होतो,” नवरा म्हणाला. “ताईंनी मला वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. ताट दाराबाहेर ठेवायच्या.”

“आणि कारकुनाची थाळी?”

“वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा खोकला,” मी म्हटलं. “जाता जाईना. जिन्यात नुसतं ठसक ठसक चालायचं.” आणि बोलता बोलताच मला भावजींचं गळकं नाक आठवलं, दारातून पिटाळलेलं, मी घरी आले त्याच दिवसाचं.

नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. तिसरं नाव आम्हा दोघांनाही घेववत नव्हतं.

“मला खात्री करायची आहे,” काका म्हणाले. “उद्या जेवायच्या आधी मी वर येतो. डबी तू आधी भरलेल्या कॅप्सूलनी नीट लावून ठेव. आणि मी काहीही केलं तरी घाबरू नकोस.”

६

ताईचं वर्णन करायचं तर ती हात धुतलेली बाई आहे. कधीही बघा, हात ओलेच. माझं ऑपरेशन झाल्यापासून ती आमच्याकडे राहते. दाराच्या कड्या पुसते, पाणी उकळते, भाज्या दोनदा धुते, आलेल्या माणसाला शिंक आली तर त्याच्याकडे असं बघते की त्याची दुसरी शिंक आतल्या आत जिरते. आम्ही तिची थट्टा करायचो, पण तिच्यामुळेच मी सुरक्षित आहे असंही म्हणायचो.

काकांना तिने आधी साबण दिला, मग पाणी दिलं, मग बसायला सांगितलं. त्यांच्या पोटात लिव्हर आहे हे कळल्यावर तिचा सूर मऊ झाला.

“तुम्हालाही सांभाळावं लागत असेल.”

“लागतं. तुम्ही बहिणीला फार जपता म्हणे.”

“जपू नको तर काय करू? पहिल्याच वर्षी हिच्या फुप्फुसात बुरशी शिरली. साधी बुरशी हो, आपल्या नाकातोंडात रोज जाते ती. हिला नळ्या लावल्या. मी काचेबाहेर बसून असायची, आणि हिचा चेहरा निळा पडत चाललेला मला दिसायचा.” ताईने ओल्या हातांवरून पदर फिरवला. “मग डॉक्टरबाई म्हणाल्या, हिची ताकदच आपण औषधाने बांधून ठेवलीय, जंतूंशी लढणार कोण? औषध अर्धं करू. अर्धं केलं, आणि बघता बघता हिने डोळे उघडले. मला म्हणाली, ‘ताई, भूक लागलीय.’”

काका मान हलवत होते. मग त्यांनी मास्क खाली केला, छातीवर हात ठेवला आणि खोकायला लागले. खोल, ओला, पोटातून येणारा खोकला. मला माहीत असूनही मी दचकले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठून माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली, दोन्ही हात मागे करून मला धरून.

काका माफी मागून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी पर्समधली कॅप्सूल घेतली आणि डबीला हात लावला नाही. सकाळी ताई अंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सकाळच्या कप्प्यातली उघडली, भरलेली होती. संध्याकाळच्या कप्प्यातली उचलली. हातात घेतल्या घेतल्याच कळलं. तिला वजन नव्हतं.

“काय बघतेस, बारके?”

ताई दारात उभी होती. ओल्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

७

मी कॅप्सूल उघडून तिच्यापुढे धरली. मला वाटलं होतं ती नाकारेल, चिडेल, रडेल. यातलं काहीच झालं नाही. तिचा जीव भांड्यात पडल्यासारखं तिने मोठा श्वास सोडला.

“बरं झालं तुला कळलं ते. एकटीने फार ओझं झालं होतं.”

“ताई, हे तू का केलंस?”

“त्या माणसाचा खोकला ऐकलास ना? त्याने तुला दिलं असतं काहीतरी. मी विष थोडंच घातलं? उलट काढलं. डॉक्टरबाईंनी केलं तेवढंच केलं, संध्याकाळचं फक्त. आजूबाजूला कुणाला काही झालं की काढते, बरे झाले की पुन्हा पूर्ण. प्रत्येक वेळी तू वाचलीस! एकदा तरी तुला तो ताप आला का? आला का सांग?”

खरंच आला नव्हता. आणि तिच्या तोंडावरचा तो भोळा विजय पाहून मला इतकी भीती वाटली, जितकी फरशीवरची रिकामी कॅप्सूल पाहूनही वाटली नव्हती. तिच्यावर चिडायचं कसं, तेच मला समजेना. “ताई, रिजेक्शन त्यानेच झालं,” असं मी म्हटलं, पण तिला ते ऐकूच गेलं नाही, किंवा ऐकू जाऊन आत शिरलं नाही.

त्याच दिवशी आम्ही तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. नवरा होता, फौजदारकाकाही होते. डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून ताईच्या समोर घेतली.

“तेव्हा मी औषध अर्धं केलं,” त्या म्हणाल्या, “तेव्हा ती मरत होती. किडनी गेली तरी चालेल पण जीव वाचवायचा, असा तो निर्णय होता. रोज तिचं रक्त तपासत होते, तरी मला झोप नव्हती. तुम्ही कमी केलंत ते ती धडधाकट असताना. तिच्या पेशींना मोकळं रान मिळालं. रक्तात औषध कमी दिसलं म्हणून मी आंधळेपणाने डोस वाढवला. मग तुम्ही कमी करणं थांबवलंत आणि तो वाढलेला डोस पूर्ण गेला. हेच औषध जास्त झालं तर किडनीलाच मारतं. दोन्ही बाजूंनी मार बसला तिला.”

“कुणाला?” ताईने विचारलं.

“किडनीला. तुमच्या.”

मग ती म्हणाली, “किती?”

“थांबवलंय आम्ही. पण जेवढी गेली तेवढी परत यायची नाही. उरलीय त्यावर ती नीट जगेल, पुष्कळ जगेल. डोस मात्र कुणी आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही. तुम्ही नाही, तिने नाही. ताप आला, खोकला आला, तर आधी मला फोन.”

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती एकदम सरसावून बसली.

“मग माझी दुसरी काढा.”

“काय?”

“दुसरी किडनी. माझी आहे की अजून एक. हिची पहिली मी खराब केली, तर दुसरी द्यायला नको? आजच घ्या. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

डॉक्टरबाईंनी डोळ्यांवरून चष्मा काढला. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

“आणि मग तुझं काय, ताई?”

“माझं काय होतंय? मला कसली भीती नाही.”

“खोटं बोलतेस. या घरात सगळ्यात जास्त तूच घाबरतेस. तू त्या काचेबाहेर बसली होतीस ना, ती तिथून उठलीच नाहीस अजून.”

तेव्हा ती रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, बाहेर रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल अशी. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी आजारी पडले तेव्हापासून रडायची पाळी नेहमी माझी असायची.

घरी जाताना ती म्हणाली, मी माझ्या घरी जाते, तुझ्याजवळ राहायची माझी लायकी नाही. मी म्हटलं, जायचं नाही. पण एक अट आहे. भीती वाटली की मला सांगायचं, डबीला नाही.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी खोकलं. ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

“बारके,” ती म्हणाली, “मला फार भीती वाटतेय.”

“मलाही,” मी म्हटलं. मी तिला पलंगावर माझ्याशेजारी बसवलं आणि तिच्यासमोर संध्याकाळची कॅप्सूल गिळली.